भरतपूरला अजगर बघायला जाताय? आधी रिक्षावाला नीट निवडा (केवलादेव घाना, जानेवारीतला अनुभव)

रेटिंग आधी देऊन टाकते. गेटवरच्या सायकल रिक्षाला आणि ती चालवणाऱ्या सरदारजींना ५ पैकी ५. ज्या टूरवाल्याकडून आम्ही घरून पॅकेज बुक केलं होतं त्याला १, आणि तो पण गाडी वेळेवर आली म्हणून. नाव लिहित नाही कारण असं पॅकेज विकणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही, पण काय झालं ते सविस्तर लिहिते म्हणजे तुम्ही बुकिंग करताना योग्य प्रश्न विचाराल.

लोक भरतपूरला पक्षी बघायला जातात, आम्हीही पक्षी बघितले, चित्रबलाक, पट्टकादंब, पाणकावळे सगळं बघितलं. पण आम्ही गेलो होतो अजगरासाठी. माझी मुलगी सहावीत आहे आणि मागच्या दिवाळीत गावाकडे उसाच्या फडात अजगर निघाला तेव्हा ती तिथे होती. अर्धं गाव काठ्या घेऊन जमलं होतं, सर्पमित्र येईपर्यंत माझे वडील, अप्पा, फडाच्या तोंडाशी उभे राहिले आणि कुणाला आत जाऊ दिलं नाही. वन खात्याच्या गाडीत बसून अजगर गेला, पण पोरीच्या डोक्यातून काही जाईना. मग शोधाशोध केली आणि कळलं की आपल्याकडचा अजगर मोकळ्यावर, शांतपणे बघायचा असेल तर हिवाळ्यात केवलादेव घाना, म्हणजे राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी उद्यान. म्हणून मी, मुलगी आणि अप्पा असे तिघं निघालो.

पॅकेजच्या जाहिरातीत 'अजगर दर्शन १०० टक्के गॅरंटी' असं लिहिलं होतं. हे वाचूनच मला शंका यायला हवी होती, जंगली प्राण्याची गॅरंटी कोण कशी देणार? पहिल्या दिवशी त्यांचा माणूस आम्हाला आणि अजून एका ग्रुपला घेऊन आत गेला, साडेनऊलाच, धुकं अजून नीट उठलंही नव्हतं. मुख्य रस्ता सोडून पायवाटेने झुडपांत एका बिळापाशी नेलं, सगळे मिळून आम्ही अकरा माणसं. अजगर बाहेर होता, निदान अर्धा तरी. सगळे फोन काढून पुढे सरकले, आणि तो हलत नाही म्हणून त्या माणसाने एक वाळकी फांदी उचलली आणि त्याच्या पाठीवर टेकवली. अजगर आत गेला. पळाला असं म्हणणार नाही, अजगर पळत नाही, सावकाश एकेक इंच आत ओढला गेला आणि आम्हाला दिसली ती शेपटी. माणूस म्हणाला, दाखवला ना, गॅरंटी पूर्ण. मुलगी परत येताना एक शब्द बोलली नाही. मी त्याला तिथेच अडवायला हवं होतं, नाही अडवलं, त्याचं वाईट अजूनही वाटतं.

त्या फांदीने नक्की काय बिघडवलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणून आता दुसरा दिवस.

दुसऱ्या दिवशी टूरवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि गेटवर जाऊन स्वतः रिक्षा घेतली. तिथे दर बोर्डावर लिहिलेले असतात, तासाप्रमाणे, घासाघीस नाही. रिक्षा चालवणारे बरेचसे सरदारजी आहेत आणि वर्षानुवर्षं हेच काम करत असल्याने पक्ष्यांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. आमचे साठीच्या पुढचे होते. मी सांगितलं, भाईसाहब, अजगर देखना है, लेकिन छेडना नहीं है. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "फिर ग्यारा बजे से पहले बात ही मत करो. पहले धूप आने दो."

म्हणजे पहिले दीड तास आम्ही पक्षीच बघितले. मला हे फार आवडलं कारण तासावर पैसे असताना तो माणूस आम्हाला थेट बिळावर नेऊन मोकळा होऊ शकला असता. अप्पांचे गुडघे दुखतात, त्यांना रिक्षातून उतरायची गरजच पडली नाही, पाण्याच्या कडेने रस्ता आहे आणि तिथूनच सगळं दिसतं. आतल्या भागात मोटारींना बंदी आहे त्यामुळे आवाज फक्त पक्ष्यांचा आणि रिक्षाच्या चेनचा.

मग ऊन आलं. सरदारजींनी रिक्षा एका बाजूच्या कच्च्या रस्त्याला घेतली आणि मध्येच थांबून खाली मातीत बोट दाखवलं. धुळीत एक पट्टा उमटलेला, हाताच्या पंजाएवढा रुंद आणि जवळजवळ सरळ. साप म्हटलं की आपल्या डोक्यात नागमोडी येतं, पण अजगरासारखा जड साप निवांत जाताना पोटाचे खवले जमिनीला रोवून, पोटाची कातडी पुढे ओढत सरळ रेषेत सरकतो, म्हणून त्याचा माग कुणी पोतं ओढत नेल्यासारखा दिसतो. मुलीने वहीत त्याचं चित्र काढलं. हे फक्त सांगून कळलं नसतं, माती समोर असायला लागते.

बीळ रस्त्यापासून वीसेक पावलांवर, थोड्या उंचवट्यावर होतं. त्यांनी रिक्षा रस्त्यावरच उभी केली, ब्रेकला दगड लावला, म्हणाले "यहीं से. वो बाहर आयेगा, आप मत जाना." दुर्बीण आम्ही गेटवरून भाड्याने घेतली होती, घ्याच, तिच्याशिवाय मजा नाही. दहा चाळीसला बिळाच्या तोंडाशी नाक दिसलं. नुसतं नाक. मग पाच मिनिटं काही नाही. मग डोकं, मग मानेचा एक वेढा, मग थांबणं, जीभ बाहेर आत, परत थांबणं. अख्खा अजगर बाहेर यायला जवळजवळ अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात आम्ही तिघं कुजबुजलो पण नाही. नऊ दहा फूट तरी असेल. आणि मग त्याच बिळातून दुसरा आला, जरा लहान, आणि पहिल्याच्या अंगावरून सरकत जाऊन पलीकडे पसरला. अप्पांनी माझा हात घट्ट धरला होता ते मला नंतर लक्षात आलं.

बिळाच्या तोंडाशी पांढऱ्या काळ्या पट्ट्यांचा एक काटा पडला होता. साळिंदराचा. इथली खरी गंमत हीच आहे, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी भरतपूरला परत जाईन. अजगर स्वतः बीळ खणत नाही, त्याला खणायला काही अवयवच नाही. केवलादेवमध्ये तो साळिंदराने खणलेली बिळं वापरतो, आणि कित्येकदा साळिंदर अजून आत राहत असतानाच. एकाच बिळात साळिंदर, अजगर, आणि छताला वटवाघळं, असे शेजारी तिथे अभ्यासकांनी नोंदवलेले आहेत. बिळात खोलवर तापमान फार खाली जात नाही, बाहेर जानेवारीची रात्र गोठवणारी असली तरी. म्हणजे केवलादेवमधला अजगर वाचवायचा तर साळिंदर वाचवावं लागतं, आणि साळिंदर शेतात बटाटे आणि कंदमुळं खातं म्हणून त्याला कुणी वाली नाही, मांसासाठीही मारतात.

आता ती फांदी. अजगराचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही (एक अपवाद आहे, खाली लिहिते). रात्रभर बिळात गार झालेला अजगर सकाळी उन्हात येतो तो अंग तापवायला, आणि अंग तापलं नाही तर पोटातलं अन्न पचत नाही. अजगराचं जेवण म्हणजे छोटी गोष्ट नाही, ससा, मोर, हरणाचं पाडस असं अख्खंच्या अख्खं गिळलेलं. ते पचवायला त्याच्या शरीरात केवढी उलथापालथ होते याचं एक उदाहरण देते, आपल्या अजगराचा सख्खा भाऊ म्हणजे बर्मी अजगर, त्याच्या हृदयाचा स्नायू मोठं भक्ष्य गिळल्यावर ४८ तासांत साधारण ४० टक्क्यांनी वाढतो असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, आणि पचन संपलं की परत पहिल्यासारखा होतो. अशा वेळी थंडी पडली किंवा त्याला घाबरवलं तर तो गिळलेलं बाहेर टाकतो, आणि महिन्यातून एखाद वेळी जेवणाऱ्या प्राण्याचं ते सगळं जेवण वाया. हिवाळ्यात उन्हाचे तास मोजून चार पाच. त्यातला एक तास फोटोसाठी हिसकावला तर काय होतं ते यावरून समजून घ्या. शिवाय हाच त्यांचा जोडीदार शोधायचा मोसम, म्हणून एका बिळाशी दोन तीन दिसतात.

हे सगळं सरदारजींनी सांगितलं नाही, त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "ठंडा साँप भूखा रहता है मॅडम." बाकीचं मी घरी येऊन वाचलं. पण त्यांचं वाक्य बरोबर निघालं.

तो अपवाद सांगायचा राहिला. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी घालते, कधी कधी कित्येक डझन, आणि दोनेक महिने त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. या काळात ती जवळपास काही खात नाही. बर्मी अजगराच्या माद्या गारवा वाढला की स्नायू आखडून सोडून थरथरतात, आपल्याला हुडहुडी भरते तशा, आणि त्या हालचालीने अंडी ऊबदार ठेवतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर मोजमापं घेऊन हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. सापाला माया नसते असं आपण सहज बोलून जातो. अप्पांना हे वाचून दाखवलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, अगं मग त्या फडात सुद्धा मादीच असेल का. दिवाळीत अंडी नसतात म्हणून मी त्यांना सांगितलं, पण प्रश्न बरोबर होता.

मुलीला मात्र सगळ्यात जास्त आवडले ओठांवरचे खळगे. दुर्बिणीतून वरच्या ओठाच्या पुढच्या भागात बारीक खाचा दिसतात, त्या उष्णता ओळखतात. मिट्ट अंधारात गरम रक्ताचा प्राणी समोरून गेला की अजगराला त्याचा पत्ता लागतो. आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे छोटे काटे असतात, ते मागच्या पायांचे उरलेले अवशेष. आम्हाला ते दिसले नाहीत, एवढ्या लांबून दिसणारही नाहीत, आणि त्यासाठी जवळ जायचं नाही. अजून एक गैरसमज जाता जाता, अजगर हाडं मोडून मारत नाही. भक्ष्य गुदमरून मरतं असं बरीच वर्षं मानत होते, पण बोआ जातीच्या सापावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की विळख्याने भक्ष्याचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडतं.

फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती. इंटरनेटवर 'भारतीय अजगर' म्हणून जे फोटो फिरतात त्यातले कितीतरी बर्मी अजगराचे असतात. दोन्हींना आधी एकाच जातीच्या उपजाती मानायचे, २००९ पासून वेगळ्या जाती धरतात. आपला रंगाने फिकट, डोक्यावरची बाणासारखी खूण पुढे नाकाकडे पुसट होत गेलेली, अंगाच्या बाजूच्या डागांच्या मधोमध फिकट ठिपका. बर्मीचा रंग गडद आणि बाण ठसठशीत. बर्मी आपल्याकडे ईशान्येत वगैरे सापडतो.

आणि या बर्मीचीच गोष्ट अमेरिकेत उलटी झाली आहे. पाळायला म्हणून नेलेले अजगर फ्लोरिडात सुटले, सोडले गेले, आणि तिथल्या एव्हरग्लेड्स दलदलीत त्यांनी वस्ती केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या नॅशनल पार्कच्या रस्त्यांवर रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटल्याचं निघालं. मग २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या, परंपरेने साप पकडणाऱ्या इरुला समाजाच्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना तिकडे बोलावलं गेलं, आणि दोघांनी मातीवरचे माग, विष्ठा, गवत कसं दबलंय ते वाचून अजगर शोधून दाखवले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. सरदारजींनी धुळीतला तो पट्टा दाखवला तेव्हा मला हेच दोघं आठवले. हे ज्ञान पुस्तकी नाही आणि त्याचे पैसे आपण खुशीने द्यायला हवेत. मी दिले.

घान्याबद्दल थोडं, कारण ही जागाच विचित्र आहे. साधारण २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातलं पाणी माणसाने आणलेलं. भरतपूरच्या राजांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून हे तळं उभं केलं. केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारींचे आकडे कोरलेले दगड आहेत, १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, तेव्हाचे व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे होते. मुलीने तो आकडा तीनदा वाचला. त्याच जागेला १९८१ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) जागा मिळाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. उद्यान झाल्यावर गुरं चारायला बंदी आली आणि त्या वादात गोळीबार होऊन गावकऱ्यांचे जीव गेले, हेही या जागेच्या इतिहासात आहे आणि आपण रिक्षात बसून फिरताना ते माहीत असलेलं बरं. नंतर वेडी बाभूळ इतकी माजली की ती काढायला आजूबाजूच्या गावांचीच मदत घ्यावी लागली, लाकूड त्यांनाच मिळालं. पाण्याचं तर दरवर्षीचं दुखणं, गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यावर घान्यात येणारं पाणी आटलं, आता चंबळचं पाणी पाईपने आणतात.

अजगरांचं म्हणाल तर इथे त्यांच्यावर १९८० च्या दशकापासून काम झालंय, त्यात डॉ. सुब्रमण्यन भूपती यांचं नाव मोठं. पुढे ते कोइमतूरच्या सलीम अली केंद्रात (पक्षी आणि निसर्ग संशोधन संस्था) होते, २०१४ मध्ये पश्चिम घाटात जंगलात काम करत असतानाच अपघातात गेले. बिळं कुठे आहेत, कोणत्या महिन्यात अजगर किती वेळ बाहेर असतो हे आज जे ठाऊक आहे ते अशा लोकांनी वर्षानुवर्षं बिळांपाशी बसून लिहून ठेवलं म्हणून.

कायद्याचं बोलायचं तर अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला, मारला तर ३ ते ७ वर्षं तुरुंग. कातडीच्या व्यापाराने एके काळी याची वाट लावली होती, आता आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाने बंदी आहे. तरी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांत आहेच, कारण रस्त्यावर गाडीखाली येणं, पाणथळ जागा बुजवणं आणि आपल्या फडातल्या काठ्या. वाघाला बघायला आपण नियम पाळतो, जिप्सीतून उतरत नाही, मग अजगरापाशी फांदी घेऊन का जातो हे मला खरंच कळत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. डिसेंबर ते फेब्रुवारी जा, आणि ज्या दिवशी ऊन असेल त्या दिवशी, ढगाळ असेल तर अजगराचा नाद सोडून पक्षी बघा. अकरा ते तीन ही वेळ. पहाटे कानटोपी आणि हातमोजे लागतातच. रिक्षा पूर्ण सकाळसाठी ठरवा, एका तासात काही होत नाही. रिक्षात बसायच्या आधी विचारा की अजगर किती लांबून दाखवणार, आणि जो म्हणेल अगदी जवळ नेतो त्याला नमस्कार करून पुढचा बघा. बिळाचं लोकेशन फोटोबरोबर टाकू नका, मी पण इथे रस्ता लिहिलेला नाही तो मुद्दाम. बुकिंगच्या वेळी 'गॅरंटी' शब्द दिसला तर पैसे पाठवू नका. ट्रेनने जात असाल तर मुंबई दिल्ली मार्गावर भरतपूर स्टेशन लागतं, पण धुक्यात गाड्या तासंतास उशिरा धावतात, परतीच्या दिवशी पुढचं काही ठरवू नका.

टूरवाल्याला मी फोन करून फांदीचं सांगितलं, तो म्हणाला बाकी कस्टमर तर खुश होते. पैसे परत मागितले नाहीत, पण लेखी तक्रार पाठवली आहे.

मुलीच्या वहीतलं त्या दिवसाचं पान तिच्या परवानगीने जसंच्या तसं देते: "१०.४० नाक. १०.४६ डोकं. ११.०८ पूर्ण बाहेर, एक नंबर. ११.१५ दोन नंबर. ११.३० दोघं झोपले असावेत पण पापण्या नसतात त्यामुळे कळत नाही. ११.५० आम्ही निघालो. दोघंही तिथेच होते."